कादंबरी हातात की कानात?
मी मूळची सांगलीची, लग्नानंतर साताऱ्यात, आणि शाळेपासून कथा-कादंबऱ्यांची वेडी. ऑडिओबुक सुरू केलं ते माहेरी जाताना, कारण एसटीत वाचलं की कराड यायच्या आधीच डोकं गरगरतं. ऐकण्यात जीव आहे हो! आमच्याकडची बोली कागदावर जरा सपाट वाटते, पण वाचणारा चांगला असला आणि "काय करायलाईस गं" असं कानावर आलं की माणूस समोरच उभं राहतं. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर कथाकथन करायचे, त्यातली जादू हीच.

पण पुस्तकात थांबता येतं ना. एखादं वाक्य काळजाला लागलं की मी बोट तिथंच ठेवून बसून राहते, ऑडिओत तोवर गोष्ट कुठल्या कुठं गेलेली असते. भिलारला (२०१७ पासून पुस्तकांचं गाव, घराघरांत पुस्तकं ठेवलीत) एका ओसरीवर अख्खी दुपार एकच कादंबरी वाचली, पानाच्या कडेला कुणाच्या तरी चहाचा डाग होता, तोही अजून आठवतोय.

वाचनालयाची वर्गणी स्वस्तही पडते. त्यामुळं नवीन कादंबरी असेल तर मला पुस्तकच हवं, आधी वाचलेली आवडती असेल तर ऑडिओ, भाकरी थापता थापता.