प्रेस फोटोग्राफी: वृत्तपत्रात नोकरी की फ्रीलान्स?

या धंद्यात येणारी मुलं मला आधी पैशांचं विचारतात. मी म्हणतो, आधी हे ठरवा: दहा वर्षांनी तुमचे फोटो कोणाकडे असावेत असं वाटतं?

नोकरीत पगार ठरलेला, महागड्या लेन्स बहुधा ऑफिसच्या, आणि रस्त्यावर कुणी अंगावर आलं तर पाठीशी संपादक. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तछायाचित्रकाराला वार्ताहराच्या रांगेत बसवलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ‘मुंबई मिरर’चे फोटोग्राफर सेबॅस्टियन डिसोझा ऑफिसातून कॅमेरा आणि दोन लेन्स घेऊन समोरच्या सीएसटी स्टेशनात धावले. कसाबचा तो फोटो मिळाला, पुढे कोर्टात त्यांनी साक्षही दिली. अशी रात्र क्वचितच येते. एरवी सकाळी उद्घाटन, दुपारी पत्रकार परिषद, संध्याकाळी सत्कार.

नोकरीत असताना मी वारीतल्या बेलवाडीच्या गोल रिंगणाचे फोटो काढले. अश्व सुटले, धुरळा उठला आणि माझं लक्ष घड्याळाकडे. आवृत्ती निघायची होती. चहाच्या टपरीवर लॅपटॉप उघडून चार फोटो पाठवले आणि परतलो. फ्रीलान्स झाल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा रिंगण संपल्यावरही थांबलो. एक म्हातारी वाकली, अश्वाच्या टापेखालची माती चिमटीत घेतली आणि कपाळाला लावली. मला वारीतला सगळ्यात जवळचा फोटो तोच.

मात्र त्या वर्षीच्या कामाचं बिल एका दैनिकाकडून सुटायला सात महिने लागले. कॅमेऱ्यात गेलेल्या धुळीची दुरुस्तीही माझ्याच खिशातून.

हक्कांचं गणित बहुतेकांना उलटं वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत काढलेला फोटो वृत्तपत्रात छापण्याचा हक्क मालकाचा. बाकीच्या वापराचा हक्क, वेगळा करार नसेल तर, फोटोग्राफरचा. उलट कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि करार केला नाही, तर पहिला हक्क काम देणाऱ्याचा! म्हणून फ्रीलान्सरने दोन ओळींचा का होईना, लेखी करार करावाच. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. पुढे त्यांचं काम जपलं गेलं, म्हणून आज ते त्यांच्या नावाने पाहता येतं.

माझं मत विचाराल तर नवख्याने आधी चार-पाच वर्षं नोकरी करावी. कॅप्शनमधलं नाव तपासून लिहिणं, पोलिसांशी बोलणं, मयताच्या घरी कॅमेरा कधी खाली ठेवायचा हे कळणं, हे फोटो डेस्क आणि बरोबरचे जुने लोकच शिकवतात. घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल, स्वतःचा कॅमेरा असेल आणि एखादा विषय झोपू देत नसेल, तरच फ्रीलान्स.

आणि नोकरीत असाल तर रोज रात्री स्वतःची एक कॉपी ठेवण्याची परवानगी पहिल्याच दिवशी मागून घ्या. मी ती मागितली नव्हती. माझं अकरा वर्षांचं काम ऑफिसच्या सर्व्हरवर राहिलं. त्या पहिल्या रिंगणाचं माझ्याकडे फक्त पिवळं पडलेलं कात्रण आहे.