रेडिएटर प्रेशर टेस्टर : गळती शोधणारा हातपंप

घाटात इंजिनाचा तापमानकाटा वर सरकू लागला, की अनेक गॅरेजांत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. परंतु पाणी कमी होत असल्याने इंजिन तापते आहे की पाणी पुरेसे असूनही तापते आहे, हे आधी कोणी पाहत नाही. पाणी कोठून जाते हे दाखवणारा, हातपंप, दाबमापक आणि वेगवेगळ्या गाड्यांना बसणारे अडॅप्टर असलेला हा संच म्हणूनच मला उपयुक्त वाटला.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून तेथे अडॅप्टर बसवायचा आणि झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत, म्हणजे बहुधा ०.९ ते १.१ बारपर्यंत, पंप मारायचा. काटा दहा-पंधरा मिनिटे स्थिर राहिला, तर गळती नाही असे बहुतांशी समजता येते. माझ्या जुन्या गाडीत तो हळूहळू उतरत गेला आणि वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्रातून कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) थेंब बाहेर आला. गरम इंजिनावर हाच थेंब दिसण्याआधी वाळून जात असे. बाहेर कोठेच ओल नसताना काटा उतरत असेल, तर हीटरकडे (पायाखालची मॅट ओली होते) किंवा हेड गॅस्केटकडे (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या सीलकडे) संशय वळवावा.

संचातील सर्वांत मोलाची सोय मात्र झाकण तपासण्याची आहे. आतला दाब हे झाकणच टिकवून धरते आणि एक बार जादा दाबाखाली साधे पाणीदेखील सुमारे १२० अंशांना उकळते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर निकामी झाले, की हा लाभ जातो आणि स्वस्तातल्या एका भागापायी महागडी दुरुस्ती गळ्यात पडते.

उणिवाही आहेत. माहितीपत्रक अगदीच त्रोटक आहे, अडॅप्टरचे रबर वॉशर पातळ आहेत आणि ते नीट न बसल्यास तेथूनच हवा निसटून नसलेली गळती भासते. शिवाय, सिग्नलला थांबल्यावर तापणारी आणि धावू लागताच निवणारी गाडी बहुधा पंख्याच्या मोटरीची किंवा रिलेची (ती मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचची) तक्रार सांगत असते. तेथे हे साधन काही कामाचे नाही. बंद अडकलेला थर्मोस्टॅटही याने कळत नाही.

जुन्या रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्या तडकू शकतात, म्हणून छापलेल्या दाबापलीकडे जाऊ नये आणि अडॅप्टर काढण्यापूर्वी दाब सोडावा. अनेक नव्या गाड्यांत झाकण रेडिएटरऐवजी आट्यांच्या एक्स्पान्शन टाकीवर (तापून फुगलेले कूलंट सामावणाऱ्या टाकीवर) असते. आपल्या गाडीचा अडॅप्टर संचात आहे ना, हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.