पायथॉनचं थ्रेडिंग मॉड्यूल: दोन वर्षं रोज वापरून

बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत कास्टिंगच्या वजनाची नोंद ठेवणारा माझा प्रोग्राम चालतो. चार वजनकाटे, चार थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणारी कामं), एक सीएसव्ही फाईल आणि लिनक्सचं एक जुनं मशीन.

सुरू करायला हे मॉड्यूल फार सोपं. अर्ध्या तासात चारही काटे वाचायला लागले. कस लागतो तो प्रोग्राम बंद करताना. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीच्या मामांचा फोन आला, "कंट्रोल-सी दाबलो की वो, थांबेनाच!" पडद्यावर कीबोर्ड-इंटरप्टचा लांबलचक एरर, पण प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची आज्ञा टाइप करायची ओळ, काही येईना. शेवटी त्यांनी टर्मिनलच बंद केला. सकाळी फाईल उघडली तर पहाटेच्या नोंदी गायब, आणि शेवटची ओळ '12.' इथंच तुटलेली. बफरमधलं, म्हणजे मेमरीत साठून राहिलेलं, डिस्कवर उतरलंच नव्हतं. त्या वजनांवर डिस्पॅचची चलनं निघतात. चारही ढीग पुन्हा काट्यावर चढवावे लागले.

चूक माझ्या कोडची होती. कंट्रोल-सी दाबल्यावर पायथॉन कीबोर्ड-इंटरप्ट फक्त मुख्य थ्रेडमध्ये उठवतो. मुख्य थ्रेड पडला तरी बाकीचे चौघं आपलं काम करत राहतात, आणि ते संपल्याशिवाय प्रोग्राम बाहेर पडत नाही. डेमन थ्रेड, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रोग्राम थांबत नाही असे, करून बघितले. प्रोग्राम लगेच बंद होतो, पण थ्रेड लिहिता लिहिताच मरू शकतो. चलनाच्या कामाला ते नको.

मला खरा आवडला तो इव्हेंट, म्हणजे सगळ्या थ्रेडना एकदम खूण देणारा झेंडा. थ्रेडमधला पाच सेकंदांचा स्लीप काढून तिथं इव्हेंटचा वेट घातला. मुख्य थ्रेड इंटरप्ट पकडतो, इव्हेंट सेट करतो, चौघांना जॉइन करतो, म्हणजे ते संपेपर्यंत थांबतो, मगच फाईल बंद करतो. काटा ज्या सिरियल पोर्टला जोडलाय त्याच्या वाचनाला एक सेकंदाचा टाइमआउट द्याच, नाहीतर काट्यावर माल नसला की थ्रेड तिथंच अडकतो. आता मामांना 'चार काटे बंद, फाईल जतन' दिसतं आणि लगेच प्रॉम्प्ट येतो.

थ्रेडपूल-एक्झिक्युटर, म्हणजे कामं रांगेत घेऊन थ्रेडना वाटून देणारी पायथॉनची सोय, मात्र या कामाला घेऊ नका. ती ज्या विथ ब्लॉकमध्ये वापरतात तो सोडताना ती सगळी कामं संपायची वाट बघतो. पायथॉन 3.9 पासून कॅन्सल-फ्यूचर्स हा पर्याय आहे, पण ते रांगेतलीच कामं रद्द करतं, सुरू झालेली नाही. आमच्या काट्यांची कामं तर कधी संपतच नाहीत.

मॉड्यूलला पाचपैकी चार गुण. विंडोजवर चालवणार असाल तर मुख्य थ्रेडमध्ये टाइमआउटशिवाय वेट लिहू नका. आमच्या ऑफिसातल्या मशीनवर कंट्रोल-सी तिथं पोचतच नव्हता.