गर्भपाताला विरोध करणाऱ्या उमेदवाराला मत द्यावं का? टेक्सासमधल्या भाचीसाठी मांडलेली तुलना

माझी भाची डॅलसजवळ राहते. तिला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि येत्या नोव्हेंबरात ती तिथे पहिल्यांदा मत देणार आहे. परवा रात्री तिचा फोन आला. "मावशी, आमच्या भागातून राज्याच्या विधानसभेला दोघं उभे आहेत. एकजण मला बऱ्याच बाबतींत पटतो, पण तो गर्भपाताच्या पक्का विरोधात आहे. दुसरी त्या बाबतीत पटते, बाकी तिचं मला अजून नीट कळलेलं नाही. तू एवढी वर्षं लेबर रूममध्ये काढलीस, तूच सांग."

मी पुण्यातल्या प्रसूतिगृहांत एकतीस वर्षं नर्स होते. तरी फोनवर मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग आठवडाभर वाचलं, तिच्याशी आणखी दोनदा बोलले. कोथरूड-बाणेरच्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे हाच विचार करत असतील, म्हणून आमचं बोलणं इथे मांडतेय.

आधी खुर्ची कुठली ते बघू

आपल्याकडे उमेदवाराला गर्भपाताबद्दल काय वाटतं, हे कुणी विचारत नाही. शांतिलाल शहा समितीच्या अहवालावरून १९७१ मध्ये कायदा झाला, २०२१ मध्ये काही स्त्रियांसाठी मुदत वीसवरून चोवीस आठवड्यांवर गेली. दोन्ही वेळा सरकारं वेगळ्या पक्षांची होती, पण या मुद्द्यावर कुणी मतं मागितली नाहीत. त्यामुळे माझ्यासारखीला तिकडचा हा वाद कळायलाच वेळ लागतो.

अमेरिकेत १९७३ च्या रो निकालाने गर्भपाताचा हक्क देशभर मिळाला होता. २४ जून २०२२ ला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स निकाल देऊन तो काढून घेतला आणि विषय राज्यांवर सोपवला. म्हणजे राज्याच्या विधानसभेतला आमदार आता या प्रश्नात नुसतं मत बाळगणारा राहिलेला नाही, तो प्रत्यक्ष कायदा करतो. टेक्सासच्या विधानसभेत असे दीडशे जण आहेत. भाचीचे दोन्ही उमेदवार त्याच खुर्चीसाठी उभे आहेत.

आणखी एक गोष्ट मला नव्याने कळली आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात वजनदार आहे. कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये, ओहायोत नोव्हेंबर २०२३ मध्ये लोकांना या एकाच प्रश्नावर थेट मत देता आलं आणि दोन्ही ठिकाणी लोक हक्काच्या बाजूने उभे राहिले. मिसुरीच्या मतदारांनी तर २०२४ मध्ये एकाच दिवशी हक्काला होकार दिला आणि गव्हर्नर म्हणून गर्भपाताला विरोध करणारा माणूस निवडला. त्यांना उमेदवार आणि प्रश्न वेगवेगळे करता आले. टेक्सासमध्ये सह्या गोळा करून असा प्रश्न मतपत्रिकेवर आणायची सोय नाही. तिथे आमदार निवडणं हाच मतदाराच्या हातातला मार्ग.

पहिला उमेदवार शाळा मंडळाला उभा असता, तर मी भाचीला म्हटलं असतं, काम चांगलं करतो ना, मग दे मत.

पहिला

भाची त्याला भेटली आहे. तिच्या कॉलनीतल्या गणपतीला तो येऊन गेला, आरतीला शेवटपर्यंत उभा राहिला. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे घरपट्टी जबरदस्त असते, आणि नव्याने घर घेतलेल्या जोडप्याला ती दर वर्षी टोचते. ती कमी करायचं त्याचं बोलणं आकड्यांनिशी आहे. गर्भपाताबद्दल तो म्हणतो, पोटातलं मूल हे मूलच आहे, ज्याला आवाज नाही त्याच्या बाजूने मी उभा राहणार.

हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपल्याकडेही भ्रूणहत्या मोठं पाप मानली आहे. माझ्याबरोबर वसईकडची एक ख्रिस्ती सिस्टर होती. एमटीपीची, म्हणजे गर्भपाताची केस असली की ती थिएटरमध्ये पाऊल ठेवायची नाही, मेट्रनना तसं सांगून ठेवलं होतं. पण केस बाहेर आली की त्या बाईच्या पायांवर ब्लँकेट टाकायला हीच पुढे. कपाळावर हात ठेवून बसायची, चहा आणून द्यायची, आणि एकही वाकडा शब्द नाही. तिची श्रद्धा खरी होती. तिने ती स्वतःपुरती ठेवली, दुसरीच्या पायात घातली नाही.

पहिला उमेदवार ती दुसरीच्या पायात घालणार आहे, आणि आमचं घोडं तिथेच अडतं. टेक्सासचा आत्ताचा कायदा असा: गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला पाच ते नव्याण्णव वर्षं किंवा जन्मठेप, किमान एक लाख डॉलर दंड, शिवाय परवाना रद्द. बाईला शिक्षा नाही. बलात्कारातून दिवस गेले असतील तरी सूट नाही. गर्भ जगणारच नाही असं दिसत असेल तरी सूट नाही. आईच्या जिवाला किंवा शरीराच्या एखाद्या महत्त्वाच्या क्रियेला गंभीर धोका असेल तेवढीच वाट मोकळी. २०२५ मध्ये ती वाट थोडी स्पष्ट करणारा कायदा झाला, तो मांडणारा सिनेटर गर्भपाताचा विरोधकच होता, हेही सांगितलं पाहिजे. बाळंतपणानंतर गरीब बाईला मिळणारं सरकारी वैद्यकीय संरक्षण त्याच राज्याने वर्षभरापर्यंत वाढवलं, हेही.

दुसरी

तिच्याबद्दल थोडक्यात, कारण भाचीलाच थोडं माहीत आहे. सरकारी शाळांना जास्त पैसा हवा म्हणते. घरपट्टीवर विचारलं तर गोल गोल बोलते. गर्भपाताबाबत म्हणते, निर्णय बाईचा आणि तिच्या डॉक्टरचा. किती आठवड्यांपर्यंत, ते तिने सांगितलेलं नाही. हा प्रश्न टाळायला नको होता. आपल्या कायद्यात वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, वीस ते चोवीसला दोघांचं आणि तेही ठरावीक कारणांसाठी, त्यापुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सव्वीस आठवड्यांच्या एका विवाहितेला परवानगी नाकारली. म्हणजे हक्क मानणाऱ्यांनाही रेघ कुठेतरी ओढावीच लागते. आमदार व्हायला निघालेल्या बाईने ती कुठे ओढणार ते सांगावं.

लेबर रूममधून बघितलं तर

लोकांना वाटतं, गर्भपात म्हणजे चुकून दिवस गेलेली मुलगी. त्या यायच्याच. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच येतात. अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यात पाणी गेलेल्या. मूल हवं असलेल्या, नाव ठरवलेल्या, डोहाळजेवणाची तारीख काढलेल्या. अशा बाईला ताप चढायला लागला की घड्याळाकडे बघावं लागतं. दर तासाला नाडी, ताप, बीपी चार्टवर भरायचं, आणि डॉक्टरांनी म्हणायचं, आता थांबायला नको. त्या वेळी डॉक्टरांच्या डोक्यात फक्त ती बाई असायला हवी, वकील नको.

बेळगावची सविता हलप्पनवार आठवते का? एकतीस वर्षांची दंतवैद्य, आयर्लंडमध्ये राहणारी, सतरा आठवडे झालेले. गर्भ वाचणार नाही हे कळलं होतं. तिने स्वतः गर्भपात करा म्हणून विनवलं, पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून नकार मिळाला. २८ ऑक्टोबर २०१२ ला ती जंतुसंसर्गाने गेली. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या ड्युटी रूममध्ये जेवणाचे डबे तसेच राहिले होते, कारण कधी काय करायला हवं होतं, हे आम्हाला प्रत्येकीला माहीत होतं. आयर्लंडच्या लोकांनी २५ मे २०१८ ला सार्वमतात ती बंदी ६६.४ टक्के मतांनी उठवली. तिथल्या कायद्यातही आईच्या जिवाचा अपवाद होताच. जीव नेमका कधी धोक्यात आला म्हणायचं, यात ती गेली.

आणि भाचीच्याच डॅलसमधली केट कॉक्स. डिसेंबर २०२३. दोन मुलांची आई, तिसऱ्या वेळी गर्भात ट्रायसोमी १८ हा गुणसूत्रांचा दोष निघाला, म्हणजे मूल जगण्याची आशा जवळपास नाही. ती कोर्टात गेली, खालच्या कोर्टाने परवानगी दिली, राज्याच्या ॲटर्नी जनरलने हॉस्पिटलांना इशारा दिला आणि टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी रोखली. शेवटी तिला राज्याबाहेर जाऊन गर्भपात करून घ्यावा लागला. सहा महिन्यांनी पाळणा हलवायचा की नाही याचा विचार करणाऱ्या माझ्या भाचीसाठी ही लांबची गोष्ट नाही.

आपल्या कायद्यातली एक बारीकशी गोष्ट मी तिला सांगितली. एमटीपी झाली की बाईचं संमतीपत्र आणि डॉक्टरांचं मत लिफाफ्यात घालून बंद करायचं, वर रजिस्टरचा अनुक्रमांक टाकायचा आणि 'गोपनीय' लिहायचं. नाव बाहेर दिसता कामा नये. असे लिफाफे मी किती बंद केले असतील याची मोजदाद नाही. सज्ञान बाईची संमती तिची एकटीचीच लागते, नवऱ्याची सही कायद्याने मागितलेलीच नाही. तरी ठिकठिकाणी मागतात, हे मीही पाहिलंय आणि कधी कधी गप्प बसलेय. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांची मुदत लागू केली आणि घरच्यांच्या संमतीसारख्या जास्तीच्या अटी घालू नका म्हणून डॉक्टरांना सांगितलं. आपल्याकडेही हा हक्क पूर्ण नाही, डॉक्टरच्या मतातून तो मिळतो. पण डॉक्टरला बाईच्या बाजूने मत द्यायला भीती वाटू नये, एवढं आपला कायदा बघतो.

विरोधकांचा एक मुद्दा मला टाळता येत नाही

भाचीच्या जावेने तो काढला. ती पहिल्याला मत देणार आहे. ती म्हणाली, "तुमच्या महाराष्ट्रात मुली पोटातच मारल्या. तेव्हा कायदा मध्ये पडला तो चालला ना?"

खरं आहे. २००१ ला राज्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी उगीच लागलेली नाही. पण बघा, १९९४ च्या त्या कायद्याने बंदी कशावर घातली? लिंग तपासण्यावर. पकडायचं कुणाला? तपासणाऱ्याला आणि तपासायला लावणाऱ्याला. बाईवर जबरदस्ती झाली असं कायदा धरूनच चालतो. गर्भपाताचा कायदा त्याने बंद केला नाही. मुलगी नको म्हणून सासरच्यांनी ओढत आणलेल्या बाईला जितकं संरक्षण हवं, तितकंच ताप चढलेल्या बाईला हवं. दोघींनाही हवं ते एकच, तिच्या पोटाचा निर्णय दुसऱ्याने घेऊ नये.

जावेला मी आणखी एक विचारलं. १८६३ मध्ये याच पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवा तेव्हा मूल मारायच्या, नाहीतर विहीर जवळ करायच्या. फुल्यांनी शिक्षेची मागणी केली नाही. या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा आमच्याकडे ठेवा, असं सांगितलं. तिथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पोटातल्या जिवाची कळकळ असलेला माणूस असं काही करतो. पहिल्या उमेदवाराच्या पत्रकात बाळंतपणाच्या भरपगारी रजेबद्दल, पाळणाघराबद्दल, गरोदर बाईच्या विम्याबद्दल काय आहे? भाचीने शोधलं. एक ओळ नाही. आपल्याकडे बऱ्याच नोकरदार बायकांना २०१७ पासून सव्वीस आठवडे भरपगारी रजा आहे. तिकडे देशाच्या कायद्याने मिळतात बारा आठवडे, तेही बिनपगारी आणि सगळ्यांना नाहीत.

मी भाचीला काय सांगितलं

या खुर्चीसाठी, या राज्यात, पहिल्याला मत देऊ नकोस. घरपट्टी पुढच्या निवडणुकीत परत मागता येते, आमदार दर दोन वर्षांनी बदलतो. अठराव्या आठवड्यात ताप चढलेल्या बाईला दोन वर्षं थांबता येत नाही.

पण तो माणूस तुला आवडतो, मग त्याला विचारल्याशिवाय ठरवूही नकोस, असंही म्हटलं. मग दोघींनी मिळून तीन प्रश्न काढले आणि तिने दोन्ही उमेदवारांना पाठवले. गर्भ जगणारच नाही असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं, तर सूट द्यायला तुम्ही मत द्याल का? बलात्कारातून दिवस गेलेल्या मुलीसाठी द्याल का? डॉक्टरवरची जन्मठेप काढायला द्याल का? दुसरीला चौथा प्रश्न जोडला: किती आठवड्यांपर्यंत, आणि त्यानंतर कोण ठरवणार?

पहिल्याने स्वतः फोन केला. पहिल्या प्रश्नावर म्हणाला, विचार करीन. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर नाही. अर्धा तास बोलला, आवाज चढवला नाही, भाचीच्या आईची तब्येतही विचारली. फोन ठेवल्यावर तिने मला लावला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मावशी, त्याने चांगलं वागून नाही म्हटलं."

दुसरीच्या ऑफिसातून दोन दिवसांनी लेखी उत्तर आलं. तिन्हींना हो. चौथ्याला, गर्भ बाहेर जगू शकेल त्या टप्प्यापर्यंत, त्यानंतर आईची प्रकृती किंवा गर्भातलं गंभीर व्यंग असेल तरच, डॉक्टरांच्या निर्णयाने. घरपट्टीबद्दल अजूनही गोलच.

भाचीची मतदार नोंदणी झाली आहे. टेक्सासमध्ये आगाऊ मतदानाची सोय आहे. ती आणि जाऊ एकाच गाडीतून जाणार आहेत, एक पहिल्याला, एक दुसरीला मत द्यायला.