चर्चच्या हॉस्टेलमधलं एक वर्ष आणि बंद होण्याची नोटीस

दक्षिण जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या शहरात, प्रोटेस्टंट चर्चच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी हॉस्टेलमध्ये मी २०२४ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या सप्टेंबरअखेरपर्यंत राहिले. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी आम्ही उरलेल्या नऊ जणांनी चाव्या परत केल्या आणि हॉस्टेल बंद झालं. त्या हॉस्टेलात आता कुणालाच रूम मिळणार नाही, पण अशी हॉस्टेलं जर्मनीत अजून आहेत. 'तिथे जागा मिळतेय, घेऊ का?' असं मला आत्तापर्यंत चार-पाच जणांनी विचारलंय. माझं उत्तर : जरूर घ्या, फक्त करारावर सही करण्याआधी खाली लिहिलंय ते वाचा.

आधी रूमबद्दल. बारा चौरस मीटर, बेसिन रूममध्ये, बाथरूम मजल्यावर सामायिक, भाडं वीज-हीटिंग-इंटरनेटसकट ३१० युरो. जर्मन सरकार विद्यार्थ्यांच्या शिक्षण-साहाय्यात घरभाड्यापोटी तेव्हा महिन्याला ३८० युरो धरायचं, त्यावरून हे किती स्वस्त होतं ते कळेल. माझ्या ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवावे लागतात ते खातं) महिन्याला ९९२ युरोच सुटायचे, त्यामुळे हा फरक मला रोज जाणवायचा. भिंती पातळ होत्या. सगळ्यांमध्ये मिळून दोनच वॉशिंग मशीन, त्यातलं एक हिवाळाभर बंद. चर्चचं हॉस्टेल म्हणून प्रार्थनेची सक्ती असेल अशी मला भीती होती. तसं काहीच नव्हतं. तळघरात एक शांत खोली होती, तिथे कुणी नमाज पढायचं, कुणी ध्यानाला बसायचं, कुणी परीक्षेआधी नुसतंच डोळे मिटून बसायचं. अर्जात धर्म विचारला नव्हता. निम्मे जर्मन, निम्मे बाहेरदेशचे असा मात्र नियम होता आणि तो काटेकोर पाळला जायचा.

या हॉस्टेलची खरी किंमत मला दुसऱ्या मजल्यावरच्या किचनमध्ये कळली. तिथल्या लांब टेबलाशी दर मंगळवारी संध्याकाळी आमची ट्यूटर बसायची. कॅमेरूनहून आलेली, पीएचडी करणारी, त्याच इमारतीत राहणारी. बदल्यात तिला भाड्यात सवलत होती. ज्याच्याकडे न उघडलेलं पत्र असेल त्याने ते घेऊन यायचं, एवढाच रिवाज. जर्मनीत नवीन माणसाला पत्रं किती येतात याची आधी कल्पनाच नसते : आरोग्य विमा, परदेशी नागरिकांचं ऑफिस, रेडिओ-टीव्हीची वर्गणी. ही वर्गणी महिन्याला १८.३६ युरो, दर घरामागे एक. आमच्या हॉस्टेलमध्ये मात्र प्रत्येक रूम स्वतंत्र घर धरली जायची, त्यामुळे ज्याची त्याने भरायची. हे मला तीन पत्रं आल्यावर त्या टेबलाशी समजलं.

जानेवारीत मला एक पिवळं पाकीट आलं, पोचल्याची अधिकृत नोंद ठेवून देतात तसलं. मी ते फाडून कचऱ्यात टाकणार तोच ट्यूटर म्हणाली, "पाकीट टाकू नकोस, ते पत्राइतकंच महत्त्वाचं आहे." पोस्टमनने त्यावर पेनाने तारीख लिहिलेली होती. उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजतात, पत्रावर छापलेल्या तारखेपासून नाही. मुदतीचे दिवस तिने माझ्याकडून बोटांवर मोजून घेतले, मग माझं उत्तर माझ्याच हाताने लिहायला लावलं, आणि चुका शेवटी दुरुस्त केल्या. तिने कधीच कुणाचं पत्र स्वतः लिहून दिलं नाही. त्या वेळी मला ते कठोर वाटलं होतं. आज माझी पत्रं मी लिहू शकते ती त्यामुळेच.

मे महिन्यात नोटीस आली. प्रत्येकाच्या टपालपेटीत एक पान, फक्त जर्मनमध्ये : अग्निसुरक्षेसाठी लागणारा खर्च परवडत नाही, सप्टेंबरअखेर हॉस्टेल बंद. आमच्याशी बोलायला कुणी आलं ते तीन आठवड्यांनी. याचा मला राग आला आणि अजून आहे. ज्या घराने आम्हाला प्रत्येक पत्र समजून घ्यायला शिकवलं, त्याच घराचं शेवटचं पत्र कुणीही समजावून न सांगता पेटीत टाकलं गेलं. पहिल्या वर्षाची एक मुलगी दोन दिवस समजत होती की तिला व्हिसामुळे बाहेर काढतायत.

कायद्याचं इथे नीट लक्षात ठेवा. जर्मनीत साध्या भाडेकरूला काढायला मालकाला कायद्याने मान्य केलेलं कारण द्यावं लागतं. विद्यार्थी हॉस्टेलला हे संरक्षण लागू नाही, नागरी संहितेच्या ५४९ व्या कलमात तशी सूट आहे. पण नोटीस लेखी आणि सहीची हवी, मुदत किमान सुमारे तीन महिन्यांची हवी, आणि फारच अडचण असेल तर ५७४ व्या कलमाखाली लेखी हरकत घेता येते. आमच्यातल्या एकीची प्रसूती सप्टेंबरात होती. तिने विद्यापीठाच्या कायदा सल्ला केंद्रात जाऊन हरकत लिहिली. प्रकरण पुढे गेलंच नाही, चर्चने तिला आपल्याच दुसऱ्या इमारतीत जागा दिली. मागितल्यावर दिली, हे सांगायला हवं.

चर्चची बाजू मी नंतर समजून घेतली. इथली चर्चं मुख्यतः सभासदांच्या चर्च-करावर चालतात. हा कर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के असतो, राज्यानुसार. सभासदत्व सोडलं की कर बंद. २०२२ मध्ये एकट्या कॅथलिक चर्चमधून पाच लाखांहून जास्त लोक बाहेर पडले. फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१९ मध्येच हिशेब मांडला होता की २०६० पर्यंत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही मोठ्या चर्चची सभासदसंख्या निम्म्यावर येईल. म्हणजे इमारती कमी होणार, हे उघड आहे. पण कुठल्या आधी, हे ठरवताना ज्यांना मतदान नाही, चर्च-कर नाही आणि भाषाही पुरती येत नाही, त्यांची इमारत यादीत वर जाते. मला हे चूक वाटतं, आणि चर्चची माणसं आमच्याशी बोलायला आली तेव्हा मी ते बोललेही.

जागा शोधण्याबद्दल थोडक्यात : सरकारी मदतीवर चालणाऱ्या विद्यार्थी-सेवा संस्थांकडे देशभरातल्या साधारण दहातल्या एकाच विद्यार्थ्यापुरती जागा आहे, तेव्हा प्रतीक्षायादीत नाव पहिल्याच दिवशी घाला, हॉस्टेल मिळालेलं असलं तरी. मी घातलं नव्हतं. नवीन पत्त्याची नोंद दोन आठवड्यांत करावी लागते. आणि शहराबाहेर, शेजारच्या जिल्ह्यात स्वस्त रूम मिळाली तर एक गोष्ट आधी विचारा : तुमची व्हिसाची फाइल कुठल्या ऑफिसकडे जाईल? माझा शेजारी तसा गेला, त्याची फाइल जुन्या ऑफिसातून नव्या ऑफिसात पोचेपर्यंत त्याचं रेसिडेन्स कार्डाचं नूतनीकरण अडून राहिलं.

मी आता चौघांच्या डब्ल्यूजीत, म्हणजे वाटून घेतलेल्या फ्लॅटमध्ये, राहते. भाडं ४६५ युरो, मशीन चालू आहे, रेडिओ-टीव्हीची वर्गणी चौघांत वाटली जाते. माणसं चांगली आहेत, आपापल्या खोलीत असतात. मंगळवारचं टेबल आता चर्चच्या विद्यार्थी केंद्रात भरतं, दुपारी दोन ते तीन. ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा काम झालं. दुसऱ्या वेळी माझ्यानंतर एक नवा मुलगा आत आला. त्याच्या हातात पत्र होतं, पाकीट नव्हतं. मी त्याला दारातच विचारलं, पिवळं होतं का?