माऊसचा स्विच बदलला: दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

टॉवेल आणि चादरींची जॅकार्ड (मागावर विणतानाच उमटणारी) डिझाइनं संगणकावर काढणं हे माझं काम. आलेखातला एकेक चौकोन म्हणजे उभ्याआडव्या धाग्याचा एक छेद, आणि तो क्लिक करूनच भरायचा. सोलापुरात हे काम करणाऱ्यांना माऊसचं मोल वेगळं सांगायला नको. माझ्या माऊसचं डावं बटण एकदा दाबलं की दोनदा लागायला लागलं. ओढत नेलेली निवड मध्येच सुटायची. दुसऱ्या संगणकाला जोडूनही तेच, म्हणजे दोष माऊसचाच.

नव्या पेठेत विचारलं, तर ‘नवीनच घ्या की’ असं उत्तर मिळालं. पण सेन्सर ठणठणीत, वायर शाबूत, आकार हाताला बसलेला. बिघडला होता फक्त बटणाखालचा मायक्रोस्विच. त्यात पत्र्याची बारीक स्प्रिंग असते. ती थकली किंवा संपर्कावर ऑक्साइडचा थर बसला की एका दाबात संपर्क दोनदा जुळतो. माऊसमधला प्रवाह इतका कमी असतो, की तो थर आपोआप जळून जात नाही. म्हणूनच संपर्क साफ करणारा क्लीनर मारून मिळणारा आराम बहुधा तात्पुरता ठरतो.

मी ओमरॉन कंपनीचा डी२एफ-०१एफ स्विच मागवला. तो ०.१ अँपिअरचा, कमी प्रवाहासाठीच बनवलेला आहे. माऊसचे स्क्रू खालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली दडलेले असतात. त्या सावकाश उचलल्या तर पुन्हा चिकटवता येतात. यूएसबी काढून ठेवायची, सेलवरचा माऊस असेल तर आधी सेल काढायचा.

खरं कौशल्य जुना स्विच काढण्यात आहे. स्विच बोर्डाला सोल्डरने, म्हणजे वितळवून लावलेल्या धातूने, जोडलेला असतो. कारखान्यातलं शिसंविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळतं, आपलं ६३/३७ वालं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ ला. म्हणून जुन्या डागांवर (सोल्डरच्या जोडांवर) आधी थोडं नवीन सोल्डर चढवायचं. दोन्ही मिसळलं की ते लवकर पातळ होतं आणि सोल्डर ओढणाऱ्या पंपाने ओढून घेता येतं. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. बिट (आयर्नचं टोक) मात्र एकाच जागी रेंगाळू द्यायचं नाही, बोर्डावरचा तांब्याचा पॅड सुटतो. स्विचवरची दाबायची टिकली मधोमध नसते, म्हणून जुना कोणत्या बाजूने होता याचा फोटो आधीच काढावा. नवा बोर्डाला पूर्ण टेकवूनच डाग द्यावा, नाहीतर वरच्या बटणात फट राहते.

दिवाळीत केलेलं हे काम उन्हाळा पार करून आता पावसाळ्यातही टिकून आहे. पारा चाळिशीपार असताना दिवसभर क्लिक चालू होतं, तरी एकही चौकोन चुकून दोनदा भरला गेला नाही. डावं बटण उजव्यापेक्षा थोडं हलकं दबतं आणि त्याचा आवाजही वेगळा येतो. पहिले काही दिवस ते जाणवत राहिलं. दोन्ही बाजू सारख्या हव्या असतील तर स्विच जोडीनेच बदलावेत. पुन्हा करायचं झालं तर मीही तसंच करीन.

ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारा) स्विच असलेल्या माऊसमध्ये हा स्विच चालत नाही, त्यामुळे मागवण्याआधी माऊस उघडून बघाच. डाग देताना खिडकी उघडी ठेवा, धूर नाकाजवळ येऊ देऊ नका. सोल्डरमध्ये शिसं असतं. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.