सिटी ऑफ हीरोज, सात महिने: लाठी मिळाली, काष्टा नाही

मे महिन्यात आमच्या गल्लीचं काँक्रीटचं काम सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी जेसीबीने नेटची केबल तोडली. अकरा दिवस नेट नाही. तक्रार नोंदवली की संध्याकाळी मेसेज यायचा, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’. माणूस मात्र फिरकलेला नसायचा. चार वेळा हेच झाल्यावर मी फोनवर पाऊण तास भांडले, अकरा दिवसांचे पैसे बिलातून कमी करायला लावले, मगच फोन ठेवला.

हे इथे सांगायचं कारण असं की त्या अकरा दिवसांत मी फोनचा हॉटस्पॉट लावून ‘सिटी ऑफ हीरोज’ खेळत होते, म्हणजे आपला सुपरहीरो घडवून इतरांसोबत शहरातल्या शत्रूंशी लढायचा ऑनलाइन खेळ. रोजचा दीड जीबीचा पॅक. रात्री दोन-अडीच तास खेळूनही पॅक एकदासुद्धा संपला नाही. शहर, इमारती, कपडे सगळं आधीच लॅपटॉपवर उतरवलेलं असतं. नेटवरून ये-जा होते ती कोण कुठे उभा आहे आणि कोणी कोणाला किती मारलं, एवढ्याच माहितीची. हल्लीच्या खेळांचे अपडेट किती जीबीचे येतात ते बघितलेल्यांना याचं मोल कळेल.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता, त्याने माझ्या नऊ वर्षांच्या लॅपटॉपवर होमकमिंग घालून दिलं, म्हणजे चाहते चालवतात ती या खेळाची आवृत्ती. पहिल्या आठवड्यात माझं मत वाईट होतं. खेळ 2004 चा आहे आणि ते लपत नाही. चेहरे प्लास्टिकचे, गोदामं आणि ऑफिसं आतून सगळी सारखी. तिसऱ्या मिशनला मला वाटलं, मी मघाशी गेले होते त्याच गोदामात परत आलेय. ‘पंधरा दिवसांत सोडेन बघ,’ असं मी भाच्याला लिहिलं होतं. ते वाक्य मी मागे घेते. गोदामं अजून तशीच आहेत, माझी तक्रारही तशीच आहे, पण खेळ सोडवत नाही.

एक कारण म्हणजे लाठी. परळच्या व्यायामशाळेत आठवी ते दहावी मी लाठी शिकले. नंतर नोकरी, संसार, फोर्टला जायची गाडी पकडायची धावपळ, यात ती हातातून सुटली ती सुटलीच. इथे पात्र घडवताना शक्तींची यादी बघत होते. आग, बर्फ, वीज, तलवारी, आणि त्यात स्टाफ फायटिंग. मी दुसरं काही बघितलंच नाही. स्क्रॅपर घेतली, म्हणजे जवळून भिडणारी लढवय्यी, हातात लाठी दिली, जोडीला मार सोसून टिकून राहायच्या शक्तींचा संच, विलपॉवर. ‘आय ऑफ द स्टॉर्म’ नावाचा एक वार आहे, त्यात ती स्वतःभोवती गोल फिरते आणि भोवतीचे सगळे एकदम मार खातात. तो पहिल्यांदा मारला तेव्हा माझे खांदे खुर्चीत आपोआप हलले. आम्हाला चार जणींनी घेरलं की गुरुजी असाच फेर घ्यायला लावायचे. विलपॉवरमधली एक शक्ती तर अशी आहे की जवळ जितके जास्त शत्रू, तितक्या वेगाने आपली जखम भरते. म्हणजे कोपऱ्यात लपायचं नाही, गर्दीत घुसायचं. मला हे फार आवडलं.

भाचा पन्नासाव्या लेव्हलला, मी तिसऱ्या. इतर खेळांत अशा दोघांनी एकत्र खेळणं म्हणजे एकाने कंटाळायचं आणि दुसऱ्याने मरायचं. इथे टीममधल्या सगळ्यांची लेव्हल टीमच्या म्होरक्याला धरून आपोआप जुळते. खालचे वर येतात, वरचे खाली. 2009 पासून ही सोय आहे. ‘मावशी, तू पुढे जा, मी मागून बघतो,’ असं तो म्हणाला आणि खरोखर मी पुढे गेले. शनिवारचा फोन आम्ही आता खेळता खेळताच करतो.

आता मुख्य मुद्दा. या खेळाची कीर्ती पोशाखांसाठी आहे. डोक्यापासून बुटांपर्यंत प्रत्येक भाग वेगळा निवडायचा, प्रत्येकाला दोन रंग. हवा तसा वीर बनवता येतो हे इतकं खरं होतं की नोव्हेंबर 2004 मध्ये मार्व्हलने खेळाच्या कंपनीवर दावा ठोकला, लोक आमच्या पात्रांसारखी पात्रं बनवतात म्हणून. डिसेंबर 2005 मध्ये तडजोड झाली. अशा खेळात मला नऊवारी नेसलेली बाई बनवता येत नाही.

सात महिने मी प्रयत्न करतेय. ढगळ पॅन्ट घेऊन बघितली, ती सलवारच दिसते. घागऱ्यासारखा स्कर्ट घेतला तर पाय दिसत नाहीत, आणि नऊवारीत पाय मोकळे असतात हेच तर तिचं बळ. सुपरहीरोंच्या पाठीवर असते त्या केपचा पदर केला, तो दोन्ही खांद्यांवरून मागे सुटतो. अंग जांभळं आणि काठ पिवळा इतपत जमलं. पुढून, लांबून, अंधारात बघितलं तर ओचा आहे असं वाटू शकतं. पण मागे काष्टा नाही. मधला काठ पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचला की पाठीमागे मधोमध जी उभी, ताठ रेघ येते, ती कशानेही येत नाही.

भाचा म्हणतो, मावशी, एवढं काय त्यात. एवढं हे, की या खेळात कॅमेरा कायम पाठीमागे असतो. धावा, उडा, लाठी फिरवा, मला माझ्या बाईची पाठच दिसते. चेहरा फक्त पोशाख बदलताना. सात महिन्यांत जिची फक्त पाठ बघितली, तिच्या पाठीवर चुकीचं वस्त्र आहे. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका ज्यांनी बघितल्यात, त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. वीरांगना कशी दिसते हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

अडचण मला समजते. इथे शरीरं तीन प्रकारची, पुरुष, स्त्री आणि धिप्पाड. नवा कपडा आला की तो शरीरावर बसवावा लागतो, आणि पळताना, उडी मारताना फाटल्यासारखा दिसू नये हे बघावं लागतं. स्कर्ट म्हणजे नळी, पॅन्ट म्हणजे दोन नळ्या. काष्टा या दोन्हींत बसत नाही, त्याला वेगळाच आकार घडवावा लागेल. पण हेही खरं की 2004 मध्ये खेळ आला तेव्हा केपसुद्धा नव्हती. ती नंतर आली, आणि तेव्हा विसाव्या लेव्हलपर्यंत थांबावं लागायचं. आता पहिल्या मिनिटापासून मिळते. म्हणजे मनावर घेतलं तर होतं.

पैशांचं सांगते, कारण माझ्यासाठी ती मोठी गोष्ट आहे. मूळ खेळ महिन्याला 14.99 डॉलर घ्यायचा, तेव्हाच्या भावाने साधारण साडेसहाशे रुपये. त्या काळी मी तो खेळले नसते. 30 नोव्हेंबर 2012 ला तो बंद पडला, 2019 मध्ये चाहत्यांनी परत उभा केला, आणि जानेवारी 2024 मध्ये होमकमिंगला मूळ मालकांचा रीतसर परवाना मिळाला. आज फुकट आहे. कुठे ‘हे विकत घ्या’ची खिडकी उघडत नाही. सर्व्हरचा खर्च देणग्यांवर चालतो, आणि पुरेसे पैसे जमले की देणगी घेणंच थांबवतात. बिलातून परत मिळवलेल्या अकरा दिवसांच्या पैशांतले थोडे मी तिकडे देणार आहे.

मुंबईतून खेळणाऱ्यांनी सर्व्हर निवडताना घड्याळ बघा. मी आधी उत्तर अमेरिकेतल्या एक्सेलसियरवर होते. आपल्या रात्री साडेनऊला तिकडे सकाळ नाहीतर दुपार, शिवाय लाठी मारल्यावर वार लागायला क्षणभर उशीर. युरोपातल्या रियुनियनवर आले तर तो उशीर बराच कमी झाला, आणि आपली रात्र ही त्यांची ऑफिस सुटायची वेळ. रविवारी पहाटे सहाला उठत असाल तर मात्र एक्सेलसियर, कारण तिकडे शनिवारची रात्र रंगलेली असते. अशाच एका पहाटे अ‍ॅटलस पार्कात, पृथ्वी खांद्यावर घेतलेल्या त्या पुतळ्याखाली पोशाखांची स्पर्धा चालली होती. मी उभी राहिले. नंबर नाही आला. पण परीक्षकाने विचारलं, हा पोशाख कुठला? मी दहा मिनिटं टाइप करत होते.

त्यानंतर मी कामाला लागले. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आजही रोज नऊवारी नेसतात. गेल्या रविवारी त्यांना गॅलरीत उजेडात उभं केलं आणि फोटो काढले, पुढून, दोन्ही बाजूंनी आणि मागून जवळून, खोचलेला काठ नीट दिसेल असा. फोटोंसोबत होमकमिंगवाल्यांना मागणी पाठवली, कोणती घडी कुठून कुठे जाते ते क्रमाने लिहून. सासूबाईंनी सगळं निमूट करू दिलं. मागचा फोटो काढताना मात्र त्या मान वळवून म्हणाल्या, ‘थांब, सैल झालाय, परत खोचते. लोकांना चुकीचा नको दाखवूस.’